मौजेची कागदपत्रं

पांढरकवड्यातल्या कुठल्याही शेताचा सातबारा काढता येतो, जुने फेरफार पाहता येतात, कापसाला कोणत्या साली काय भाव मिळाला हेही कुठे ना कुठे नोंदलेलं सापडतं. पण केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात साठ वर्षांपूर्वी आकाशपाळण्याची एक फेरी कितीला होती? तंबूतल्या सिनेमाला जमिनीवर बसायचे किती पैसे पडायचे आणि खुर्चीचे किती? सर्कशीचे दिवसाला किती खेळ व्हायचे? हे कोणत्या दफ्तरात पाहायचं? जमिनीचा, कर्जाचा आणि कराचा हिशेब सरकार ठेवतं. लोक कशात रमले, त्यासाठी त्यांनी खिशातून काय काढून दिलं, याचा हिशेब तिकिटांवर, हँडबिलांवर आणि गाण्यांच्या पुस्तिकांवर छापला गेला आणि दुसऱ्या दिवशी मैदानात पायदळी गेला. जे चुकूनमाकून उरलं, ते जमवणं हा छंद तर आहेच, पण माझ्या मते ते गावाच्या इतिहासाचं कामही आहे.

जगात हे काम फार पूर्वीपासून मनावर घेतलेलं दिसतं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख जॉन जॉन्सन यांनी तिकिटं, पत्रकं, जाहिराती, वेष्टनं असा एरवी केराच्या टोपलीत जाणारा कागद वर्षानुवर्षं साठवला. तो प्रचंड संग्रह १९६८ मध्ये तिथल्या बॉडलियन ग्रंथालयात गेला आणि आज अभ्यासक तो पाहायला दुरून येतात. १९७५ मध्ये मॉरिस रिकर्ड्स यांनी लंडनमध्ये अशा अल्पायुषी कागदांसाठी स्वतंत्र संस्थाच काढली.

या छंदाची सर्वांत गजबजलेली शाखा म्हणजे अमेरिकेतल्या थीम पार्कची तिकिटं. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. पहिलं तिकीट वॉल्ट डिस्ने यांचे भाऊ रॉय यांनी एक डॉलर मोजून घेतलं. आधी प्रत्येक पाळण्याचं, प्रत्येक होडीचं तिकीट वेगळं काढावं लागे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिकिटांची पुस्तिका आली. तीत 'ए', 'बी', 'सी' अशा दर्जाची तिकिटं असत, पुढे 'डी' आलं आणि १९५९ मध्ये 'ई'. 'ए' साध्यासुध्या गमतींसाठी, 'ई' सर्वांत थरारक खेळांसाठी. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकाच प्रवेशमूल्यात सगळं बसलं. तोवर 'ई' तिकीट लोकांच्या बोलण्यात इतकं मुरलं होतं, की १९८३ मध्ये अंतराळात जाऊन आलेल्या सॅली राइड यांनी आपल्या उड्डाणाचं वर्णनही त्याच तिकिटाचं नाव घेऊन केलं.

संग्राहकांनी इथे एक महत्त्वाची गोष्ट टिपली आहे. जुन्या पुस्तिकांमध्ये 'ए' आणि 'बी'ची तिकिटं आजही मुबलक मिळतात, न वापरलेलं 'ई' मात्र शोधावं लागतं. लोकांनी 'ई' लगेच वापरून टाकलं आणि उरलेली साधी तिकिटं पुन्हा कधी येऊ तेव्हा कामाला येतील म्हणून घरी नेऊन ठेवली. म्हणजे ज्याची लोकांना सर्वांत जास्त ओढ होती, तोच कागद सर्वांत आधी नाहीसा झाला. जुन्या कागदांकडे पाहताना हा नियम कायम ध्यानात ठेवावा. आपल्याकडच्या यात्रेची तिकिटंही दारावर फाडली जात. त्यामुळे आज एखादा गठ्ठाच्या गठ्ठा कोरा सापडला, तर तो बहुधा न विकलेला माल असतो. गर्दी झालेल्या रात्रीची साक्ष त्याच्यापेक्षा एका चुरगळलेल्या अर्ध्या तुकड्यात जास्त असते.

आता आपल्या गावाकडे. पांढरकवडा नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता ४४ आहे. उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर नागपूर, दक्षिणेला सुमारे साडेतीनशेवर हैदराबाद. शाळांच्या सहलीही या दोन्ही दिशांना जातात: महाराजबाग आणि रमण विज्ञान केंद्र पाहायला नागपूर, नाहीतर सालारजंग संग्रहालय आणि रामोजी फिल्म सिटी पाहायला हैदराबाद. रामोजी फिल्म सिटी १९९६ मध्ये उभी राहिली आणि १,६६६ एकरांवर पसरलेला जगातला सर्वांत मोठा चित्रपट-स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात गेली. मुंबईच्या गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं. दिल्लीचं अप्पू घर त्याच्याही आधीचं, १९८४ चं. एशियाडच्या हत्तीवरून नाव घेतलेलं हे उद्यान २००८ मध्ये बंद झालं. ज्यांच्या शाळेच्या दप्तरात किंवा कंपासपेटीत यांपैकी कशाचं तिकीट, नकाशा किंवा मनगटावरची कागदी पट्टी राहून गेली असेल, त्यांच्याकडे आजच जुनी म्हणता येईल अशी वस्तू आहे. जी ठिकाणं बंद झाली किंवा ज्यांचं रूप पालटलं, त्यांचे कागद आधी जपायला हवेत.

पण तालुक्याच्या गावाचं खरं थीम पार्क म्हणजे यात्रा. केळापूरचं नवरात्र, वणीच्या रंगनाथ स्वामींची यात्रा, आर्णीच्या बाबा कंबलपोषांचा उर्स. पाळणे, मीना बाजार, मौत का कुआँ हे सगळं ट्रकमधून येतं, मोकळ्या मैदानात उभं राहतं आणि काही दिवसांनी खांबांचे खड्डे मागे ठेवून पुढच्या गावाला निघून जातं. दसरा-दिवाळीनंतर कापूस घरात येतो, हातात पैसा खेळू लागतो आणि उघड्या मैदानात पावसाची भीती नसते. फिरत्या करमणुकीचा हंगाम त्याच बेतानं चालतो. पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकंही अशीच धानाच्या हंगामानंतर रंगतात, वडसा त्यांचं केंद्र. एकेका प्रयोगासाठी छापलेली त्यांची रंगीत पत्रकं विदर्भातल्या कागदप्रेमींनी आवर्जून जमवण्यासारखी आहेत. त्यांच्यावर नाटकाचं नाव, कलावंतांची नावं, गाव, तारीख, तिकिटाचे दर आणि सोबतीला शंकरपटाची घोषणा, असं एका रात्रीचं अख्खं सामाजिक चित्र एका पानात असतं.

सर्कस तर आपल्या मराठी माणसानंच या देशात रुजवली. विष्णुपंत छत्रे मूळचे सांगलीजवळच्या अंकलखोपचे. घोड्यांच्या शिक्षणात ते निष्णात होते आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. किआरिनी यांची इटालियन सर्कस पाहून त्यांनी जिद्दीनं स्वतःची उभी केली. २० मार्च १८८० रोजी मुंबईत तिचा पहिला खेळ झाला. पुढे कितीतरी मराठी सर्कशी निघाल्या, पुण्याचे दामू धोत्रे वाघसिंहांचे शिक्षक म्हणून थेट अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत पोचले. या एवढ्या मोठ्या परंपरेची तिकिटं आणि हँडबिलं किती घरांत सापडतील? भोंगा लावलेल्या गाडीतून फेकलेलं पिवळं-गुलाबी हँडबिल पकडायला पोरं मागे धावायची. तो कागद मुद्दाम हलका आणि स्वस्त निवडलेला असायचा. टिकावा असं छापणाऱ्याला वाटायचं कारणच नव्हतं, आणि म्हणूनच आता तो दुर्मीळ आहे.

तंबूतल्या सिनेमाचे कागद त्याहून रसाळ. तिकीटघरात जमीन, बाक, खुर्ची अशी प्रतवारी असे. स्त्रियांची बसायची बाजू वेगळी असे आणि तिकिटावर तसं छापलेलं असे. सोबत गाण्यांची पुस्तिका विकत मिळे. चार-आठ पानं, वर नटनट्यांचा ठोकळा, आत गाणी आणि कथासार. कथासार ऐन रहस्याच्या जागी तुटायचं आणि पुढचं पडद्यावर पाहा असं सांगायचं. प्रभातसारख्या कंपन्यांच्या पुस्तिकांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी येतो. एकाच कथेची भाषा कोणत्या वाचकासाठी कशी बदलली, हे त्यात नीट दिसतं. महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावाल्यांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. तोवर त्या तंबूंपैकी बरेच गुंडाळले गेले होते.

असल्या कागदातून काय उभं राहू शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण पुण्यात आहे. पी. के. नायर लहानपणी सिनेमाची वापरलेली तिकिटं आणि वजनकाट्याची कार्डं जमवायचे. रेल्वे स्टेशनवरच्या त्या काट्यावर उभं राहून नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडे, एका बाजूला वजन आणि भविष्याची ओळ, दुसऱ्या बाजूला नटनटीचं चित्र. हाच मुलगा पुढे १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा कणा झाला. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन' या चित्रपटांचा उरलेला भाग आज पाहता येतो, त्यामागे नायर यांची धडपड आहे. तिकिटं जमवणाऱ्या पोराला घरात रागावण्याआधी हे आठवावं.

स्टेशनचा विषय निघालाच आहे. पांढरकवडा गावात रेल्वे नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, शकुंतला ही गाडी होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अडीच फुटी अरुंद मार्ग, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीशी बांधलेला कारभार. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावत होतं. आता गाडीच थांबली आहे. तिचं पुठ्ठ्याचं तिकीट ज्या पद्धतीचं होतं, ती पद्धत १८३० च्या दशकाच्या अखेरीस थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तरनं शोधली. मूळचा तो सुतारकाम करणारा. सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंचाहून किंचित कमी रुंद असा एकाच मापाचा पुठ्ठा, त्यावर अनुक्रमांक आणि यंत्रानं दाबलेली तारीख. हीच रचना दीड शतक जगभर चालली. आपल्याकडे संगणकाचं तिकीट आल्यावर ती संपली.

एसटीचं तिकीटही करमणुकीच्या कागदांत धरावं, कारण यात्रेला जाणारा माणूस एसटीनंच जायचा. कंडक्टरच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतींच्या पातळ रंगीत तिकिटांचे गठ्ठे असत. भाडं जुळेल तशी दोन-तीन तिकिटं एकत्र फाडायची आणि चिमट्यानं टप्प्यावर भोक पाडायचं. राज्यात एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. विदर्भात मात्र तेव्हा प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसच्या गाड्या होत्या आणि १९६१ मध्ये त्या महामंडळात आल्या. त्या जुन्या नावाचं तिकीट कोणाच्या आजोबांच्या पोथीत खूण म्हणून राहिलेलं असेल, तर ते फार मोलाचं.

तारीख नसलेल्या तिकिटाचा काळ ओळखणं हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग, आणि आपल्या जिल्ह्याचा इतिहास त्यात फार मदत करतो. दर आण्यांत असेल तर तिकीट बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. त्या दिवशी दशमान नाणी आली, जुने आणे मात्र पुढे काही काळ लोकांच्या हिशेबात आणि छपाईत रेंगाळले. 'नये पैसे' असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ हा काळ, कारण १ जून १९६४ पासून त्यातलं 'नये' गळून गेलं. मथळ्यात मध्यप्रांत व वऱ्हाड असेल तर स्वातंत्र्यापूर्वीचं किंवा लगेच नंतरचं. मुंबई राज्य असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०, पुढे महाराष्ट्र. जिल्ह्याचं नाव यवतमाळऐवजी वणी जिल्हा असं दिसलं तर १९०५ च्या मागे जावं लागेल. छापखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

करमणूक कर ही आणखी एक पक्की खूण. मुंबई प्रांतात हा कर १९२३ च्या कायद्यानं आला, मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३६ च्या. तिकिटावर कराचा स्टँप लावण्याची तरतूद या कायद्यांत होती, म्हणून जुन्या तिकिटांवर छोटी महसुली तिकिटं चिकटलेली दिसतात. अशा महसुली तिकिटांचे संग्राहक निराळे असतात. ते स्टँप सोडवून घेतात आणि खालचं तिकीट टाकून देतात. हे करू नये असं मी कळकळीनं सांगेन. कर किती, दर किती, कुठल्या तंबूत, हे तिन्ही एका कागदावर आहेत तोवरच त्याला अर्थ आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात विरला, तेव्हा ज्या तिकिटावर सीजीएसटी-एसजीएसटी दिसेल ते त्यानंतरचं.

छपाईही बोलते. खिळे जुळवून ट्रेडलवर छापलेल्या कागदावर बोट फिरवलं, की मागच्या बाजूला अक्षरांचा दाब लागतो. ऑफसेटचा कागद सपाट असतो. नक्कल ओळखायला नोटा तपासायचा जांभळा दिवा पुरतो. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकदार रसायनं साधारण १९५० नंतरच वापरात आली, त्यामुळे १९३५ चं म्हणून विकलेलं सिनेमाचं पत्रक त्या दिव्याखाली निळं झळाळलं तर ते नव्यानं छापलेलं आहे. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या पोस्टरांच्या नव्या प्रती सर्रास असतात. शोभेसाठी त्या घ्याव्यात, संग्रहासाठी नाही.

मासिकांची गोष्ट थोडी सोपी आहे, कारण लोकांनी ती जरा तरी जपली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांना दरवर्षी एक ठेवण्याजोगा कागद मिळाला. 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून, बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. मग छापील अंक कशाला ठेवायचा? मजकुरासाठी नाहीच. ठेवायचा तो त्यातल्या कागदासाठी, मुलानं सोडवलेल्या कोड्यासाठी, मलपृष्ठावरच्या जाहिरातीसाठी आणि गावातल्या ज्या पेपरवाल्याकडून तो घेतला त्याच्या शिक्क्यासाठी. स्मरणिकांचंही तसंच. यवतमाळला १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनं झाली. अशा संमेलनांचे बिल्ले, भोजनाचे कूपन, कार्यक्रमपत्रिका हा सगळा ऐवज विदर्भातल्या घराघरांत विखुरलेला असणार. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकात पानापानावर गावातल्या दुकानांच्या जाहिराती असतात, गावची जुनी बाजारपेठ त्यांच्यावरून गल्लीगल्लीनं मांडता येते.

आता जपणुकीबद्दल, कारण विदर्भाचं हवामान कागदाचं वैरी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, टिनाखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, आणि लगेच पावसाळ्याची ओल. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन आणि आम्ल उष्णतेनं कागदाला पिवळं आणि ठिसूळ करतं. म्हणून पहिलं काम म्हणजे पेटी माळ्यावरून खाली आणणं. घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या, कोरड्या खोलीतल्या कपाटात, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ती ठेवावी. वाळवी भिंतीतून येते, कसर दमट कागदात होते. आपल्याकडे पोथ्या कापडात बांधून सोबत वेखंड ठेवत, ते आजही चालतं, फक्त वेखंडाचा तुकडा कागदाला टेकू देऊ नये.

लॅमिनेशन कधीच करू नका. तापलेलं प्लास्टिक कागदात कायमचं शिरतं आणि ते परत काढता येत नाही. सेलोटेप काही वर्षांनी तपकिरी डाग सोडते, स्टेपलरच्या पिना गंजतात. प्लास्टिकचे खिसे घ्यायचे तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, नव्या रेनकोटसारखा उग्र वास येणारे पीव्हीसीचे नकोत. मागे नोंद करायची ती मऊ पेन्सिलीनं. शाई फुटते आणि बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

सर्वांत मोठा धोका मात्र नव्या कागदाला आहे. एसटीच्या यंत्रातून निघणारं, मल्टिप्लेक्सचं, पार्किंगचं तिकीट हे उष्णतेनं काळं होणाऱ्या लेपाच्या कागदावर असतं. शाई नसतेच. ऊन, तेलकट बोट, प्लास्टिकचा खिसा, कशानंही अक्षरं उडतात. १९५० चं ट्रेडलवरचं तिकीट २०५० मध्ये वाचता येईल, या वर्षीचं एसटीचं तिकीट तोवर कोरं झालेलं असेल. त्याचा फोटो किंवा साधी झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून ठेवणं हा एकच इलाज. ऑनलाइन तिकिटांचं तर कागदाशी नातंच उरलं नाही. टिपेश्वर अभयारण्यात सुन्ना प्रवेशद्वारातून आत जाणाऱ्यांचं बुकिंग आता बहुतेक मोबाइलवर असतं, तेव्हा हातात मिळेल ती छापील पावती टाकून देऊ नका.

किमतीबद्दल लोक हमखास विचारतात. आपल्या तालुक्यातल्या यात्रेच्या तिकिटाला बाजार नाही, आणि माझ्या मते हे चांगलंच आहे. पैशासाठी जमवणारा माणूस गावचा कागद गावाबाहेर नेतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर एखादं सुंदर हँडबिल मिळतं, पण ते कोणत्या गावातल्या कोणत्या घरातून आलं हे विक्रेत्याला सांगता येत नाही, आणि अर्धी माहिती तिथेच जाते. आपल्या गावच्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवणं जास्त फलदायी. त्याच्याकडे किलोच्या भावानं जाणाऱ्या गठ्ठ्यांत छापखान्यांच्या स्थळप्रती, बंद पडलेल्या टॉकीजची तिकीटबुकं, लग्नपत्रिकांचे नमुने असतात. घर बदलताना, आजी-आजोबांच्या पश्चात ट्रंका रिकाम्या होताना, हा कागद बाहेर पडतो. त्या आठवड्यात कोणी तरी हजर असायला हवं.

पांढरकवडा, वणी, घाटंजी, मारेगाव या पट्ट्यातल्या ज्या वाचकांकडे यात्रेचं, तंबूच्या सिनेमाचं, सर्कशीचं किंवा शकुंतलेचं एखादं जरी तिकीट असेल, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. मागे पेन्सिलीनं गाव, साल आणि सोबत कोण होतं ते लिहावं, आणि दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढून गावच्या वाचनालयाला द्यावी. मूळ कागद तुमच्याच घरी राहू द्या.